सर्व्हर जुना झालाय, बदलायचा का? आधी बॅकअप दुसरीकडं उतरवून बघा

मराठवाड्यात कुठंही जा, लातूरची दाल मिल घ्या, जालन्याचा स्टीलचा कारखाना घ्या नाहीतर वाळूजमधलं पार्ट बनवणारं एखादं युनिट, अकाऊंटच्या खोलीत कोपऱ्यात एक सर्व्हर असतोच आणि त्याला हात लावायला सगळे घाबरतात. सॉफ्टवेअरवाला म्हणतो लै जुना झालाय, नवीन घ्या. मालक म्हणतात चालायलंय की अजून, कशाला खर्च. आणि मधल्यामधी ऑपरेटर पोरगं रोज स्क्रीनवर गोल फिरताना बघत बसतं. खरं सांगू का, दोघंही अंदाजानंच बोलायलेत, मोजून कुणीच बघितलेलं नसतं.

मोजायचं कसं ते सांगतो. मुख्य बोलणं एसक्यूएल सर्व्हरबद्दल, म्हणजे सगळ्या एंट्र्या साठवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसबद्दल आहे कारण आपल्याकडची आडतीची, मिलची, डिस्ट्रिब्युटरची बरीच सॉफ्टवेअरं त्याच्यावरच चालतात, पण मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांनाही यातलं निम्म्याहून जास्त लागू पडेल.

आधी काय आहे ते कागदावर लिहा

"सर्व्हर जुना आहे" म्हणताना लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवतात. एक म्हणजे मशीन, लोखंड. दुसरं डेटाबेसचं व्हर्जन. तिसरं त्याच्यावर चालणारा तुमचा प्रोग्राम, जो कुणीतरी व्हीबी सिक्स या जुन्या भाषेत लिहून दिलेला असतो आणि तो माणूस आता फोन उचलत नाही. तिन्हीचं दुखणं वेगळं, औषध वेगळं. मशीन बदलून प्रोग्रामचं दुखणं जात नाही, आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त वेळा केलं जातं.

म्हणून मॅनेजमेंट स्टुडिओ (डेटाबेस सांभाळायचा प्रोग्राम) उघडा, सिलेक्ट लिहून दोनदा ॲटचं चिन्ह टाकून व्हर्जन लिहा (SELECT @@VERSION) आणि चालवा. एका ओळीत सगळं येतं, कुठलं व्हर्जन, फुकटचं एक्सप्रेस आहे का विकतचं स्टँडर्ड, ३२ बिट की ६४ बिट, खाली विंडोज कोणतं. हे लिहून घ्या. शेजारी लिहा रॅम किती, डिस्क साधी फिरणारी आहे का एसएसडी, मशीन कोणत्या साली घेतलं, डेटा फाइल किती जीबीची आहे, मागच्या वर्षी याच महिन्यात किती होती (जुन्या बॅकअपच्या साईजवरून अंदाज येतो). आणि दोन प्रश्न जे कुणी विचारत नाही, ते म्हणजे एसएचा, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य लॉगिनचा, पासवर्ड नक्की कुणाकडं आहे, आणि लायसन्सचा कागद कुठं आहे. कागद सापडत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं, नवीन व्हर्जनचं कोटेशन आल्यावर नाही.

सपोर्ट संपला म्हणजे काय झालं

तारखा एकदा बघून घ्या. एसक्यूएल सर्व्हर २००८ आणि २००८ आर टू चा सपोर्ट ९ जुलै २०१९ ला संपला, २०१२ चा १२ जुलै २०२२ ला, २०१४ चा ९ जुलै २०२४ ला. २०१६ चा १४ जुलै २०२६ पर्यंत, २०१७ चा १२ ऑक्टोबर २०२७, २०१९ चा ८ जानेवारी २०३०, आणि २०२२ चा ११ जानेवारी २०३३ पर्यंत. खालचं विंडोजही बघा, विंडोज सर्व्हर २००८ आर टू जानेवारी २०२० मध्ये गेलं, २०१२ आर टू ऑक्टोबर २०२३ मध्ये, २०१६ जानेवारी २०२७ पर्यंत आहे. मायएसक्यूएल ५.७ ऑक्टोबर २०२३ ला संपलं आणि ८.० एप्रिल २०२६ पर्यंत. पोस्टग्रेसचं सोपं आहे, प्रत्येक मोठ्या व्हर्जनला पाच वर्षं.

आता सपोर्ट संपला म्हणून दुसऱ्या दिवशी डेटाबेस बंद पडत नाही. तो चालतच राहतो, फक्त त्यात नवीन भोक सापडलं तर बुजवायला कुणी येणार नाही. मग प्रश्न असा की तुमच्या त्या भोकापर्यंत बाहेरचा माणूस पोचू शकतो का. सर्व्हर फक्त ऑफिसच्या आतल्या नेटवर्कमध्ये आहे, त्याच्यावर कुणी इंटरनेट, मेल, व्हॉट्सॲप वेब उघडत नाही, पेनड्राइव्ह लावत नाही, तर तुम्हाला विचार करायला थोडा वेळ आहे. पण शेठजींना मोबाईलवर स्टॉक दिसावा म्हणून कुणीतरी राऊटरमध्ये १४३३ पोर्ट, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरचा दरवाजा, बाहेर उघडून ठेवलेला असेल, आणि वर एसएचा पासवर्ड फर्मच्या नावापुढं १२३ असा असेल, तर हा लेख नंतर वाचा, आधी तो पोर्ट बंद करा. आज, आत्ता. हॅकर काही तुमची फर्म शोधत येत नाही, स्कॅन करणारे प्रोग्राम चोवीस तास सगळ्या जगाचे पोर्ट ठोकत फिरत असतात. मोबाईलवर रिपोर्ट पाहिजेच असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट, लावून घ्या.

अजून एक बाजू. जुन्या विंडोजवर टीएलएस १.२, म्हणजे सुरक्षित कनेक्शनची पद्धत, आपोआप चालू नसतं, आणि आजकालचे बहुतेक पोर्टल त्याच्या खालचं कनेक्शन घेतच नाहीत. तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागू आहे, आणि ते पाठवणारा प्रोग्राम त्याच जुन्या मशीनवर बसलेला असेल तर एखाद्या दिवशी कनेक्शनच लागत नाही, आणि गाडी गेटवर उभी. फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून अकाऊंटच्या सॉफ्टवेअरला एडिट लॉग, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद, सक्तीची आहे, आणि ऑडिटर आता प्रोग्राममधलंच नाही तर थेट डेटाबेसमध्ये घुसून कुणी एंट्री बदलू शकतं का हेही विचारायलेत. सीएला एकदा फोन करून विचारा. तो जे सांगेल त्यावर कधीकधी अख्खा निर्णय तिथंच होतो.

स्लो म्हणजे नेमकं काय स्लो

"सगळंच स्लो आहे" हे उत्तर घेऊ नका. ऑपरेटरजवळ बसा आणि विचारा, बाई किंवा भाऊ, कोणत्या बटनावर अडकतंय ते दाखवा. बहुतेक वेळा दोन-तीनच ठिकाणं निघतात. लातूरच्या एका आडतीचंच घ्या, पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद, निघायला पाऊण मिनिट लागायचं, शेतकरी खिडकीसमोर उभे, मापाडी वैतागलेले, आणि नवीन सर्व्हरचं कोटेशन मालकांच्या टेबलावर. बघितलं तर पट्टी छापण्याआधी प्रोग्राम त्या शेतकऱ्याची मागची बाकी काढायचा, आणि त्यासाठी खात्याच्या टेबलातल्या पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या ओळी वाचायचा, कारण खाते नंबरवर इंडेक्सच (पुस्तकामागं सूची असते तसा) नव्हता. एक इंडेक्स टाकला, पट्टी लगेच निघायला लागली. सर्व्हर तोच. त्या कोटेशनमधलं मशीन आणलं असतं तरी पाऊण मिनिटाचं दहा सेकंद झालं असतं, आणि डेटा वाढला की दोन वर्षांत परत तेच.

म्हणून आधी हे बघा. कामाच्या गर्दीच्या वेळी सर्व्हरवर रिसोर्स मॉनिटर उघडा, डिस्कच्या टॅबमध्ये डेटाबेसच्या फाइलसमोर रिस्पॉन्स टाईम दिसतो मिलिसेकंदात. तो १०-२० च्या आत असेल तर डिस्कला नावं ठेवू नका. सतत ५०, १०० च्या वर असेल तर डिस्क दमलीय. साधी ७२०० ची फिरणारी डिस्क एका सेकंदाला इकडून तिकडून वाचायची शंभराच्या आसपास कामं करते, साधी साटा एसएसडीसुद्धा हजारोंनी करते, त्यामुळं नुसती डिस्क बदलून जुन्या मशीनला अजून दोन-तीन वर्षं काढता येतात. हा लै स्वस्त उपाय आहे आणि म्हणूनच कोटेशनमध्ये तो कधी येत नाही.

मग तोच अडकणारा रिपोर्ट रात्री, सगळे गेल्यावर, एकट्यानं काढून बघा. रात्री पटकन येतोय आणि दुपारी अडकतोय तर भांडण लॉकिंगचं आहे, म्हणजे एकजण मोठा रिपोर्ट काढायलाय आणि त्यानं धरून ठेवलेल्या टेबलापाशी बाकीचे रांगेत उभे. रात्रीही तेवढाच वेळ लागत असेल तर क्वेरी (प्रोग्राम डेटाबेसला विचारतो तो प्रश्न) किंवा इंडेक्स. ज्याला जमतं त्यानं वेट स्टॅट्स (सर्व्हर कशासाठी थांबतो त्याची नोंद) बघाव्यात, त्यात पेज आयओ लॅच वर असेल तर डिस्क किंवा रॅम, एलसीकेनं सुरू होणारं वर असेल तर लॉकिंग, ॲसिंक नेटवर्क आयओ वर असेल तर सर्व्हर बिचारा तयार आहे, तुमचा प्रोग्रामच ओळी हळूहळू उचलायलाय.

आणि एक्सप्रेस एडिशनवाल्यांनी हे नक्की वाचा. एक्सप्रेस फुकट आहे पण त्याला बेड्या आहेत. २०१६ पासून २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेसमध्ये डेटासाठीची मेमरी फक्त १४१० एमबी वापरली जाते, त्याआधीच्यांत १ जीबी, आणि प्रोसेसरचे कोर चारच. तुम्ही मशीनमध्ये ६४ जीबी रॅम घातली तरी तो तेवढीच घेणार. "एवढी रॅम टाकली तरी फरक नाही" म्हणणारे निम्मे लोक इथं अडकलेले असतात. दुसरी बेडी डेटा फाइलच्या साईजची, २००५ आणि २००८ ला ४ जीबी, २००८ आर टू पासून २०२२ पर्यंत १० जीबी, लॉग फाइल यात धरत नाहीत. १० जीबी भरली की नवीन एंट्री घेणं बंद, आणि एरर लॉगमध्ये १८२७ किंवा ११०५ नंबर दिसतो. हे होतं ते बरोबर सोयाबीनच्या आवकेच्या दिवसात, कारण एंट्र्या तेव्हाच सगळ्यात जास्त पडतात. २०२५ च्या एक्सप्रेसमध्ये ही हद्द ५० जीबीपर्यंत नेलीय, त्यामुळं फक्त जागा संपली म्हणून स्टँडर्ड विकत घ्यायची वेळ आलेल्यांना एक वाट उघडलीय. पण त्याआधी जागा कशानं भरली तेही बघा. वजनकाट्याचे फोटो, आधारच्या झेरॉक्सचे स्कॅन असलं सगळं डेटाबेसच्या पोटात कोंबलेलं असतं कितीतरी ठिकाणी. ते फोल्डरमध्ये काढून ठेवलं की १० जीबीचे ३ जीबी होतात.

आता मुख्य काम: बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवा

यासाठी सर्व्हर लागत नाही. ऑफिसमधला एखादा बरा डेस्कटॉप, १६ जीबी रॅम, एसएसडी, बस. त्यावर नव्या व्हर्जनची डेव्हलपर एडिशन टाका. ती टेस्टिंगसाठी फुकट असते, फक्त खरा धंदा तिच्यावर चालवायचा नाही. कालचा बॅकअप घ्या, पेनड्राइव्हनं नाहीतर नेटवर्कवरून आणा, आणि घड्याळ लावून रिस्टोअर करा, म्हणजे उतरवा.

एवढ्या एका कामात जेवढं कळतं तेवढं दहा कोटेशनांत कळत नाही.

पहिली गोष्ट कळते की बॅकअप आहे का नाही. हसू नका. एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो त्यामुळं आपोआप बॅकअपचं शेड्युलच लागत नाही, टास्क शेड्युलरमधून वेगळं लावावं लागतं, आणि कुणीतरी लावलेलं ते विंडोजचा पासवर्ड बदलल्या दिवसापासून बंद पडलेलं असतं. कुठं बॅकअप त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये पडत असतो. डिस्क गेली की दोन्ही एकदमच गेले. फाइल आहे, साईज बरोबर दिसतेय, म्हणजे बॅकअप आहे असं नसतं. जो रिस्टोअर झाला तोच बॅकअप.

दुसरी, डेटा आतून धड आहे का. रिस्टोअर झाल्यावर डीबीसीसी चेकडीबी ही तपासणीची कमांड चालवा. लाल अक्षरं आली तर अपग्रेडचा विषय बाजूला ठेवा, आधी जुन्या सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये ८२३, ८२४, ८२५ हे नंबर शोधा. ८२५ हा गुपचूप येतो, त्याचा अर्थ पहिल्यांदा वाचताना चुकलं, परत वाचलं तेव्हा जमलं. डिस्क मरायच्या आधी देते ती हाक ही. ८३३ असेल तर एखादं वाचायचं-लिहायचं काम १५ सेकंदांपेक्षा जास्त अडकलं होतं. असलं काही दिसलं तर मशीनची चर्चा संपली, डिस्क आज बदला.

तिसरी गोष्ट मालकांना सगळ्यात जास्त समजते. रिस्टोअरला किती वेळ लागला, त्यात नवीन मशीन आणायचा, विंडोज टाकायचा, प्रोग्राम बसवायचा वेळ धरा, आणि शेवटच्या बॅकअपनंतरच्या एंट्र्या हातानं परत मारायचा वेळ धरा. हे सगळं मिळून जे निघेल ते एका वाक्यात सांगा, "शेठ, आज दुपारी सर्व्हर बसला तर परवा सकाळपर्यंत पट्टी निघत नाही, आणि आजच्या सगळ्या एंट्र्या कच्च्या वहीवरून परत माराव्या लागतील." सपोर्टच्या तारखांचा तक्ता दाखवून जे होत नाही ते या वाक्यानं होतं. काही शेठ म्हणतात, दोन दिवस वहीवर काढू, चालतंय. छोट्या दुकानाला ते खरंच चालतं आणि मग घाई करायची गरज नाही. पण बाजारात आवक चालू आहे, ट्रॅक्टरची रांग लागलीय, तिथं दोन दिवस म्हणजे शेतकरी शेजारच्या आडतीवर गेला, आणि गेलेला लवकर परत येत नाही.

चौथी, तुमचा प्रोग्राम नव्या व्हर्जनवर चालतो का. एका पीसीवर प्रोग्रामची कॉपी घेऊन तिचं कनेक्शन या टेस्ट मशीनकडं वळवा. फक्त लॉगिन होतंय बघून खूश होऊ नका. बिल काढा, पट्टी काढा, महिन्याचा स्टॉक, खातेउतारा, जीएसटीचा एक्स्पोर्ट, वर्षअखेरीचं क्लोजिंग, सगळं. वर्षातून एकदाच लागणारा रिपोर्टच हमखास फसतो. जुन्या प्रोग्रामात जॉईनसाठी (दोन टेबलं जोडायला) तारा आणि बरोबरचं चिन्ह (*=) वापरायची पद्धत होती, ती २०१२ पासून चालत नाही. प्रोग्राम डेटाबेसला जोडणारा जुना नेटिव्ह क्लायंट ड्रायव्हर २०२२ सोबत येतच नाही, तो वेगळा टाकावा लागतो नाहीतर कनेक्शन नव्या ड्रायव्हरवर न्यावं लागतं. डेटाबेस २००० च्या काळातला असेल तर तो सरळ नव्यावर उतरत नाही, मधी २००८ वर उतरवून मग पुढं न्यावा लागतो.

पाचवी, स्पीड. इथं एक बारीक गोष्ट आहे. रिस्टोअर केल्यावर डेटाबेस आपली जुनी कम्पॅटिबिलिटी लेव्हल (कोणत्या व्हर्जनसारखं वागायचं ते सेटिंग) धरून असतो, २००८ वाला १०० वरच राहतो. आधी त्याच लेव्हलवर वेळ मोजा, मग लेव्हल वाढवून परत मोजा. २०१४ पासून ओळींचा अंदाज बांधायची पद्धत बदलली, त्यामुळं लेव्हल वाढवल्यावर बऱ्याच क्वेऱ्या पळायला लागतात पण एखादी नेमकी उलटी पडते. हे धंद्याच्या दिवशी कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं. आणि या साध्या डेस्कटॉपवर पण तो रिपोर्ट रडत असेल, तर भारीतला सर्व्हर घेऊन पण रडणारच, पैसे प्रोग्रामरला द्या.

मराठी नावांची गंमत

हे बाहेरच्या माहितीत तुम्हाला कुठं सापडायचं नाही. आपल्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरांत शेतकऱ्यांची नावं श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. डेटाबेसमध्ये ती असतात इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून, फॉन्ट असला की मराठी दिसतं, नाहीतर नाही. टेस्ट मशीनवर नावं वेडीवाकडी दिसली की लोक घाबरतात, डेटा गेला म्हणतात. गेला नाही, फॉन्ट टाकलेला नाही. पण अपग्रेड केल्यानं ती आपोआप युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशी पद्धत) पण होत नाहीत. युनिकोडमध्ये आणायचं काम वेगळं आहे, त्यासाठी कॉलमही एनव्हारचार (युनिकोड साठवणारे) करावे लागतात, आणि जोडाक्षरं तपासायला माणूस बसवावा लागतो. दोन्ही कामं एकाच वेळी काढू नका, काही बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळायचं नाही. मायएसक्यूएलवाल्यांनी जास्त जपावं, लॅटिन वन या इंग्रजी-युरोपी अक्षरांच्या सेटिंगमध्ये कोंबलेलं मराठी चुकीच्या सेटिंगनं डंप केलं (फाइलमध्ये काढलं) की सगळीकडं प्रश्नचिन्हं होतात, आणि त्या फाइलमधून नाव परत काढता येत नाही. म्हणून मूळ डेटाबेस जागचा हलवायच्या आधी डंप उघडून दहा नावं डोळ्यांनी वाचा.

मग ठरवायचं कसं

इथपर्यंत आलात तर उत्तर बहुतेक समोर आलंच असेल. मी तरी असं बघतो. व्हर्जन सपोर्टमध्ये आहे, डिस्क ठीक आहे, फक्त दोन-तीन स्क्रीन अडकतायत, तर काहीच विकत घेऊ नका, इंडेक्स आणि क्वेऱ्या बघून घ्या, स्टॅटिस्टिक्स (डेटाबेस ओळींचा अंदाज ज्यावरून बांधतो ते आकडे) अपडेट करा, ऑटो श्रिंक (फाइल आपोआप आकसणं) चालू असेल तर बंद करा. डिस्क दमलीय पण बाकी बरंय, तर एसएसडी आणि रॅम. मशीनचे पार्टच मिळेनात, जुनी डिस्क सेकंडहँडमध्ये शोधायची वेळ आलीय, तर मशीन बदला, आणि मशीन बदलतानाच व्हर्जन बदला, कारण नवीन लोखंडावर २००८ बसवणं म्हणजे परत तीच तारीख. व्हर्जन सपोर्टच्या बाहेर आहे आणि डेटाबेस कोणत्याही वाटेनं बाहेरच्या जगाला लागलेला आहे, तर स्पीड कितीही चांगला असो, बदला. आणि प्रोग्राम नव्यावर चालतच नाही, लिहिणारा सापडत नाही, तर हा डेटाबेसचा प्रश्न नाहीच, नवीन सॉफ्टवेअर बघायला सुरुवात करा आणि तोपर्यंत जुन्याला आतल्या नेटवर्कमध्ये कोंडून ठेवा, बॅकअप रोज बाहेर काढा. मायक्रोसॉफ्ट सपोर्ट संपल्यावर पण तीन वर्षांपर्यंत पैसे घेऊन सिक्युरिटी अपडेट देतं, पण आपल्याएवढ्या धंद्याला ते परवडतं असं मला वाटत नाही.

खर्च मांडताना लायसन्स विसरू नका. स्टँडर्ड दोन तऱ्हेनं मिळतं, एकतर कोरवर, त्यात कमीत कमी चार कोर घ्यावेच लागतात, किंवा सर्व्हर अधिक प्रत्येक माणसामागं किंवा पीसीमागं कॅल, म्हणजे वापरायचा परवाना. सात-आठ जण वापरणार असतील तर कॅलचं गणित बरं पडतं, पन्नास जण असतील तर दोन्ही कोटेशन मागवून ताडून बघा. विंडोजचे कॅल वेगळे.

क्लाऊडवर टाका म्हणणारेही भेटतील. टाकता येतं, ॲझ्युरचं पुण्यात आणि अमेझॉनचं मुंबईत सेंटर आहे. पण जुना क्लायंट-सर्व्हर प्रोग्राम एक स्क्रीन उघडायला समजा ३०० क्वेऱ्या मारतो, ऑफिसच्या वायरवर ते कळत पण नाही, तेच इंटरनेटवर एका फेरीला ३० मिलिसेकंद धरले तर ९ सेकंद झाले, प्रत्येक स्क्रीनला. वर रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडला की त्या दिवशी दुकान बंद. तुमचा प्रोग्राम वेबवरचा असेल तरच हा विचार करा.

धूळ आणि उन्हाचंही बघा जरा. मिलच्या ऑफिसात चुरीची बारीक पूड असते, स्टीलवाल्यांकडं लोखंडाची. मे महिन्यात ४२ डिग्रीत एसी बंद असलेल्या खोलीत नवीन सर्व्हर पण जुन्यासारखाच तापतो. यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते ते खरोखर लाईट घालवून बघा, अर्थात टेस्ट मशीन लावून.

कधी करायचं

सोयाबीन-तुरीचा धंदा असेल तर ऑक्टोबर ते मार्च विषयच काढू नका, जुलै-ऑगस्ट बरा. खत-बियाण्याच्या दुकानाला उलटं, त्यांची पळापळ जून-जुलैत. साखर कारखाना गाळप संपल्यावर. महिन्यात ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटी रिटर्नचं टेन्शन असतं, ते दिवस टाळा. तुमच्याकडं अमावस्येला सौदे बंद असतात तर तो दिवस चांगला आहे, मुहूर्त नका बघू.

करताना जुन्यावरच नवीन व्हर्जन चढवू नका. शेजारी नवीन मशीन उभं करा, संध्याकाळी सगळ्यांना बाहेर काढा, जुना डेटाबेस रीड ओन्ली करा, शेवटचा बॅकअप, नव्यावर रिस्टोअर, तिथं रीड ओन्ली काढणं, चेकडीबी, स्टॅटिस्टिक्स. लॉगिन वेगळे न्यावे लागतात, ते डेटाबेससोबत येत नाहीत, सकाळी "लॉगिन फेल्ड" म्हणून बोंब होते ती यामुळंच. रात्रीच्या जॉबही वेगळ्या न्याव्या लागतात. कम्पॅटिबिलिटी लेव्हल पहिल्या दिवशी जुनीच राहू द्या, दोन आठवडे शांत गेले की वाढवा. आणि मॅक्स सर्व्हर मेमरी (डेटाबेसनं जास्तीत जास्त किती रॅम घ्यायची ते) सेट करा नाहीतर तो विंडोजला पण श्वास घेऊ देत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत फिरायची वेळ आधीच ठरवा. नव्या व्हर्जनचा बॅकअप जुन्यावर उतरत नाही, कधीच नाही. म्हणजे नव्यावर धंदा सुरू झाला आणि दुपारी कळलं की काही जमत नाही, तर परत जुन्यावर जाताना सकाळपासूनच्या एंट्र्या हातानं माराव्या लागणार. म्हणून मालकांशी बोलून ठरवा, समजा सकाळी अकरापर्यंत पट्टी, बिल, ई-इनव्हॉइस तिन्ही निघाले तर पुढं, नाहीतर जुन्यावर परत. अकरानंतर मागं फिरायचं नाही, जे होईल ते नव्यावरच दुरुस्त करायचं. पहिला दिवसभर कच्ची वही चालू ठेवा, मुनीमजींना सांगितलं की ते आनंदानं ठेवतात, त्यांचा कॉम्प्युटरवर तसाही विश्वास नसतो.

जुना सर्व्हर लगेच भंगारात देऊ नका. नेटवर्कची वायर काढून कोपऱ्यात ठेवा. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि जुन्या प्रोग्राममधूनच उघडणारा एखादा रिपोर्ट नोटीस आल्यावर आठवतो. जेव्हा कधी द्याल तेव्हा डिस्क काढून घ्या, त्यात सगळ्या पार्ट्यांचे पॅन, बँक खाती आणि शेतकऱ्यांचे आधार पडलेले असतात, आणि भंगारवाला डिस्कचे वेगळे पैसे देतो म्हणाला तरी देऊ नका.